कामावरचा तंटा : मुंबईची भीड आणि इथली दुग्री



सणांविषयी, मलिद्याविषयी, कोकणातल्या आपल्या गावांविषयी या पानांवर आपण नेहमीच वाचतो. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. कामाच्या जागी साहेब आणि कामगार यांच्यात तंटा झाला, तर तो भारतात कसा मिटतो आणि इस्रायलमध्ये कसा मिटतो? विषय ऑफिसचा वाटला तरी तो आपल्या घराघरांतला आहे. आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांनी नोकरीची पहिली वर्षे मुंबईच्या साहेबाच्या हाताखाली काढली आणि उरलेली इथल्या मेनाहेलच्या हाताखाली. मेनाहेल म्हणजे मॅनेजर. दोघांची भांडायची रीत निराळी आणि समेट करायची रीतही निराळी. हा फरक ज्यांना लवकर कळला ते तरले. ज्यांना उशिरा कळला त्यांनी बरंच सोसलं. आणि आता तर आपल्यातलेच कितीतरी जण स्वतः साहेब झाले आहेत. तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

'बघतो साहेब' म्हणजे काय?

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, हे आपल्या मुलांना पाठ आहे. पुढे आपली माणसं मुंबईला आली. कोणी रेल्वेत लागले, कोणी सरकारी कचेरीत कारकून झाले, कोणी इस्पितळात, कोणी पलटणीत, तर कोणी ससून मंडळींच्या गिरण्यांत. घाण्यावर तेली स्वतःच मालक होता. नोकरीत मात्र डोक्यावर साहेब आला.

गिरणीत साहेब आणि कामगार यांच्या मधे आणखी एक माणूस असे. त्याला जॉबर म्हणत, मुकादम म्हणत. (मुलांनो, आपल्या सिनेगॉगच्या प्रमुखालाही आपण मुकादमच म्हणत आलो आहोत. शब्द एकच, कामं दोन!) हा गिरणीतला मुकादम गावाहून माणसं आणायचा, त्यांना कामाला लावायचा, रजा द्यायचा, अडीनडीला उसने पैसे द्यायचा आणि साहेबापुढे त्यांची बाजूही मांडायचा. कामगाराने थेट साहेबाकडे जायचं नाही, ही रीत. मुकादम चांगला असला तर तो बापासारखा. वाईट असला तर प्रत्येक गोष्टीत स्वतःची दस्तुरी काढणारा. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या जॉबरच्या हातातल्या सत्तेवर बरंच लिहिलं होतं. त्यानंतर १९३४ साली मुंबई सरकारने कायदा करून एक लेबर ऑफिसर नेमला. त्याचं काम काय, तर कामगारांची गाऱ्हाणी ऐकून ती मालकांपुढे ठेवणं. म्हणजे कामगार स्वतः तोंड उघडणार नाही, हे सरकारनेसुद्धा धरूनच चाललं होतं!

हा नुसता गिरणीचा प्रकार नव्हता. ऑफिसातही तेच. साहेबाचं चुकलं, तरी चारचौघांत तसं म्हणायचं नाही. म्हटलं तर साहेबाचा मान जातो, आणि ज्याचा मान गेला तो विसरत नाही. मग कसं बोलायचं? 'बघतो साहेब.' 'प्रयत्न करतो साहेब.' 'होईल बहुतेक.' आणि सोबत मान अशी डोलवायची की ती 'हो' आहे की 'नाही', ते ज्याचं त्याने समजावं. मराठी कानाला यातला नकार लगेच ऐकू येतो. 'बघतो' म्हणजे बहुधा जमणार नाही. 'हो' म्हणजे तुमचं म्हणणं कानावर पडलं. 'नक्की करतो' म्हटलं, तर मात्र खरंच होणार.

गाऱ्हाणं फारच मोठं असेल तर मध्यस्थ शोधायचा. एखादा जुना हेडक्लार्क, साहेबाच्या ओळखीचा कोणी, नाहीतर समाजातलं एखादं वजनदार माणूस. तो साहेबाला एकट्याला गाठणार, आधी मुलाबाळांची चौकशी करणार, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणणार, 'अमक्याच्या बढतीचं जरा बघा.' काम झालं तर कोणी कोणाला नमवलं असं दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

या रीतीत शहाणपण आहे. ज्या माणसाबरोबर वीस-तीस वर्षं काढायची आहेत त्याच्याशी तोंड वाजवून चालत नाही. पण याच रीतीत एक खोट आहे. मध्यस्थ जोवर आपला वाटतो तोवर सगळं ठीक चालतं. तो आपला वाटेनासा झाला की आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येतं. १९४६ च्या कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत मालकांशी बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. ही युनियन आपलं म्हणणं मांडत नाही, असं कामगारांना वाटू लागलं. शेवटी १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मोडल्या, घरं मोडली. ज्यांचे शेजारी लालबाग-परळचे होते त्यांना हे वेगळं सांगायला नको. भारतातला माणूस भांडत नाही, असं मुळीच नाही. तो उशिरा भांडतो, आणि मग परतीची वाट ठेवत नाही.

आधी टेबलावर मूठ, मग कॉफी

आता इथला प्रकार बघा. इस्रायलमध्ये पहिल्या आठवड्यातच कानावर पडणारा शब्द म्हणजे दुग्री. हा मूळचा तुर्की शब्द. तो अरबीत गेला आणि अरबीतून इथल्या बोलण्यात आला. अर्थ सरळ, नीट, आडपडदा न ठेवता. तामार कात्रिएल या अभ्यासक बाईंनी १९८६ साली या दुग्री बोलण्यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं आहे. इथे जन्मलेल्या साब्रा लोकांना तोंडावर खरं बोलणं हाच आदर वाटतो. मी तुझ्याशी गोड-गोड बोललो, तर मी तुला कमकुवत समजलो. मी तुला सरळ सांगितलं, तर तू ते पचवशील एवढा माझा तुझ्यावर विश्वास आहे. आपल्या भाषेत हे उलटं आहे. म्हणून तर सुरुवातीला आपल्याला वाटलं, की हे लोक सदानकदा भांडतातच कसे!

भाषेतही बघा. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या. माणूस बघून पायरी निवडायची. हिब्रूत समोरच्या पुरुषाला 'अता', बाईला 'आत'. मग तो शिपाई असो की पंतप्रधान. मेनाहेलला नावाने हाक मारायची. साहेब नाही, सर नाही. त्यातून इथे बहुतेकांनी पलटण केलेली, आणि राखीव दलात असंही होतं की ऑफिसातला हाताखालचा माणूस तिथे आपल्याच साहेबाचा अधिकारी असतो. मग सोमवारी ऑफिसात त्याने साहेबापुढे हात जोडून का उभं राहावं?

हेच आकड्यांत बघायचं तर हॉलंडच्या गेर्ट हॉफस्टेड यांचं काम प्रसिद्ध आहे. त्यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या नोकरांना प्रश्न विचारून १९८० साली पुस्तक लिहिलं. त्यात साहेब आणि नोकर यांच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात याचं माप काढलं आहे. मुलांनो, ही एक शिडी समजा. साहेब जितका उंच पायरीवर, तितका आकडा मोठा. भारताचा आकडा ७७ आणि इस्रायलचा १३. त्या यादीत इस्रायलच्याही खाली एक ऑस्ट्रिया, ११. म्हणजे आपल्या माणसांनी विमानात बसून काही तासांत केवढी उंच शिडी उतरली, त्याचा विचार करा! पाय लटपटणारच. हे आकडे अख्ख्या देशाचे ढोबळ आहेत, एकेका माणसाचे नव्हेत, हेही ध्यानात ठेवावं.

इथे तंटा कसा होतो? मेनाहेल म्हणतो, गुरुवारपर्यंत माल हवा. कामगार म्हणतो, होणार नाही. का नाही होणार? तू मशीन दुरुस्त केलं नाहीस म्हणून. आवाज चढतो, टेबलावर मूठ आपटते, शेजारच्या खोलीतला माणूसही येऊन आपलं मत देतो. दहा मिनिटांनी ठरतं, की मशीन आज दुरुस्त होईल आणि माल रविवारी जाईल. मग दोघं मिळून कॉफी पितात. मनात काही राहत नाही. ही तडजोड. हिब्रूत तिला 'पशारा' म्हणतात. आपल्या कानाला तो 'पसारा' वाटतो, आणि ती व्हायच्या आधी पसारा होतोही खरा!

आरडाओरडा दिसतो म्हणून नियम नाहीत असं नाही. कामगारांची हिस्ताद्रुत ही संघटना १९२० साली हैफात स्थापन झाली, म्हणजे राज्य होण्याच्या २८ वर्षं आधी. कारखान्या-कारखान्यांत कामगारांची समिती असते, तिला वआद म्हणतात. (वआद म्हणजे वाद नव्हे, वाद मिटवायची जागा.) १९५७ च्या कायद्याप्रमाणे संप करायचा तर १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. १९६९ च्या कायद्याने कामगार न्यायालयं आली. तिथे न्यायाधीशाच्या बाजूला एक प्रतिनिधी कामगारांच्या बाजूचा आणि एक मालकांच्या बाजूचा बसतो. कोणाला नोकरीवरून काढायचं, तर आधी त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. त्याला 'शिमूआ' म्हणतात. 'शेमा इस्राएल' मधला शेमा आणि हा शिमूआ एकाच धातूचे. ऐकणे!

पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. वआद काय, शिमूआ काय, दोन्हींत माणूस आपणहून बोलेल हे धरलेलं आहे. न बोलणाऱ्याला ही दारं उघडी असून बंदच.

गप्प बसण्याची किंमत

आणि इथेच आपल्या माणसांची पंचाईत झाली. आपले लोक लोद-रामलेला, अश्दोदला, बीअरशेबाला, दिमोनाला कारखान्यांत लागले. वेळेवर येणारे, हाताला हुनर असलेले, उलट न बोलणारे. मेनाहेल खूश. पण वर्षाच्या शेवटी दर्जा वाढवायचा, म्हणजे पगाराची पायरी वर न्यायची वेळ आली की जो ओरडला त्याची वाढली. आपला माणूस वाट बघत राहिला, की साहेबाला दिसतंय ना माझं काम, तो आपणहून देईल. साहेबाला खरंच वाटत होतं, की हा समाधानी आहे. नाहीतर बोलला नसता का? म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणाऱ्याला आपण मारतोय हे ठाऊकही नाही.

उलटही झालं. मेनाहेल सगळ्यांसमोर 'हे काम वाईट झालंय' म्हणाला. त्याने ते कामाला म्हटलं, आपल्या माणसाने ते स्वतःला लावून घेतलं. मेनाहेल संध्याकाळी विसरला. आपला माणूस आठवडाभर जेवला नाही, आणि काहींनी तर याच कारणाने चांगली नोकरी सोडली. अशा गोष्टी आपल्या लग्नकार्यांत, मलिद्याच्या बैठकीत कोणी ना कोणी सांगतंच. कोणाची चूक म्हणायची? दोघंही आपापल्या शाळेत शिकले तसंच वागत होते.

आपण अगदीच गप्प राहिलो असंही नाही. १९५१ साली बीअरशेबाच्या आपल्या काही मंडळींनी कामधंदा, घरं आणि मिळणारी वागणूक यांवरून तेल अवीवला ज्यूइश एजन्सीपुढे धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. पुढे १९६४ साली आपल्या विवाहांच्या प्रश्नावर जेरुसलेमला पुन्हा धरणं झालं, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने खास बैठक घेऊन आपल्या बाजूने ठराव केला. दुसरा प्रश्न कामाच्या जागेचा नव्हता, पण रीत पाहा. आधी बराच काळ अर्ज-विनंत्या, आणि मग थेट गांधीजींच्या वाटेने जमिनीवर बैठक. टेबलावर मूठ आपटणं ही मधली पायरी आपल्याला ठाऊकच नव्हती.

तोरात दोन्ही वाटा आहेत

काही जण म्हणतात, सरळ बोलणं हीच खरी यहुदी रीत, आणि आडून बोलणं हे आपण हिंदुस्तानातून आणलेलं सामान. आम्हाला हे पटत नाही. दोन्ही वाटा आपल्याच ग्रंथांत आहेत.

तोरात, लेवीय म्हणजे वायिक्राच्या १९ व्या अध्यायात सांगितलं आहे, की भावाविषयी मनात द्वेष ठेवू नये, त्याचं चुकलं तर त्याला ते सांगावं. ही झाली दुग्री. पण आपल्या शास्त्र्यांनी लगेच जोडलं, की सांगताना चारचौघांत त्याची मान खाली जाईल असं सांगू नये. ही झाली भीड, आणि चांगल्या अर्थाने भीड.

आता अहरोन हाकोहेन. पिर्के अवोतमध्ये हिल्लेल सांगतात, की अहरोनाचे शिष्य व्हा, शांततेवर प्रेम करा आणि तिच्या मागे लागा. मागे लागायचं कसं, त्याची गोष्ट आहे. दोघांचं भांडण झालं की अहरोन एकाच्या घरी जाऊन बसे आणि म्हणे, 'बाबा रे, तुझा मित्र छाती बडवून घेतोय, आपण काय केलं म्हणून त्याला लाज वाटतेय.' त्याचा राग उतरेपर्यंत तिथून उठत नसे. मग दुसऱ्याच्या घरी जाऊन अगदी हेच सांगे. पुढे दोघं वाटेत भेटले की गळ्यात गळा! मुलांनो, हा तर आपला मुंबईचा मध्यस्थच झाला की! मोशे राबेनू नियमाने न्याय करत, तोंडावर सांगत. तोरात मोशेच्या मृत्यूनंतर इस्राएलच्या पुत्रांनी शोक केला असं आहे, अहरोनाच्या मृत्यूनंतर मात्र इस्राएलच्या सगळ्या घराण्याने. शास्त्री म्हणतात, घरोघरी समेट करून दिल्यामुळे बायकामाणसंही त्याच्यासाठी रडली.

आणि एक गोष्ट तालमूदातली, बावा मेत्सिया या भागातली. राब्बा बार बार हाना यांच्याकडे काही हमाल कामाला होते. त्यांच्या हातून द्राक्षारसाचं भांडं फुटलं. राब्बांनी नुकसानीपोटी त्यांचे अंगरखे काढून घेतले. हमाल राव यांच्याकडे गेले. राव म्हणाले, अंगरखे परत दे. राब्बांनी विचारलं, हा कायदा आहे काय? राव म्हणाले, होय. अंगरखे मिळाले. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हातात काही नाही. राव म्हणाले, त्यांची मजुरीही दे. राब्बांनी पुन्हा विचारलं, हाही कायदा? आणि राव पुन्हा होय म्हणाले. इथे बघण्यासारखं काय आहे? नुकसान खरं होतं, मालक खोटा नव्हता. पण ज्याच्या हातात जास्त आहे त्याने हिशेबाच्या एक पाऊल पुढे जावं, असा तो निवाडा. आणि हमालांना बोलता आलं, कारण राव ऐकायला बसले होते.

याच भागात मजुरांचा अध्याय सुरू होतो तो एका साध्या नियमाने : मजूर कामावर किती वाजता येणार, त्यांना जेवण द्यायचं की नाही, हे सगळं त्या-त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे. म्हणजे रीत बदलते हे आपल्या शास्त्र्यांना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. भारताची रीत चूक आणि इस्रायलची बरोबर, किंवा उलट, असा हा प्रश्न नाहीच. समोरचा कोणत्या रिवाजातून आला आहे हे ओळखायचा प्रश्न आहे.

आता साहेब आपण

हे सगळं आज कशाला, असं कोणी विचारील. कारण शिडी आता फिरली आहे.

आपल्यातल्या पुष्कळ आजी-आजोबांच्या घरी मेतापेलेत आहे, म्हणजे सांभाळायला ठेवलेली बाई. त्यांतल्या कितीतरी जणी भारतातूनच आल्या आहेत, बहुतेक केरळच्या, तशा इतरही ठिकाणच्या. आजी, ती तुमच्या घरी नोकरी करते. म्हणजे तिचा मेनाहेल कोण? तुम्ही! आणि ती तुम्हाला काय म्हणते? 'हो मम्मी.' 'ठीक आहे मम्मी.' आता हे 'ठीक आहे' म्हणजे नेमकं काय, हे इस्रायलमध्ये तुमच्याइतकं कोणाला कळणार?

ती रविवारी चर्चला जाऊ इच्छिते, पण सांगत नाही. मुलाच्या परीक्षेची काळजी आहे, फोन करायचा आहे, पण विचारत नाही. १९५१ च्या कायद्यात आठवड्याची सलग ३६ तासांची विश्रांती सांगितली आहे. यहुद्याला ती शब्बाथला, आणि जो यहुदी नाही त्याला शुक्रवार, शनिवार किंवा रविवार यांपैकी त्याला चालेल त्या दिवशी. घरात राहून काम करणाऱ्या मेतापेलेतलाही आठवड्याच्या सुट्टीचा हक्क आहेच. ज्यांच्या वाडवडिलांना शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून नावच पडलं, त्यांनी दुसऱ्याचा रविवार ओळखू नये, हे बरं दिसेल का?

दुसरी मंडळी बांधकामावरची. २०२४ पासून भारतातून हजारो कामगार सरकारी कराराने इथे आले. उत्तर प्रदेशचे, हरियाणाचे, तेलंगणचे. उंच इमारतीवर उभे राहून काम करायचं, हिब्रू येत नाही, आणि फोरमन खालून ओरडतोय. फोरमनने विचारलं, 'समजलं?' यांनी मान डोलावली. फोरमनला वाटलं, समजलं. इथे तर दर्जाचा आणि पगाराचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे. आपल्या मुलांपैकी जे इंजिनिअर आहेत, साइटवर आहेत, त्यांनी ही मान ओळखली पाहिजे.

तिसरी मंडळी तेल अवीव-हर्झलियाच्या कंप्युटर कंपन्यांतली. तिथे बंगलोर-पुण्याच्या लोकांबरोबर रोज फोनवर काम चालतं. इस्रायली मेनाहेल विचारतो, 'गुरुवारी होईल?' तिकडून उत्तर येतं, 'वी विल ट्राय.' मेनाहेल निश्चिंत. गुरुवार येतो, काम नाही, आणि मग आरडाओरडा. अहो, तो पहिल्याच दिवशी नाही म्हणाला होता! आपल्या घरातला नातू त्या खोलीत बसला असेल, तर त्याला हे ऐकू यायला हवं. त्याच्या आजोबांनी तीस वर्षं हेच म्हटलं होतं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, 'हो की नाही' असा प्रश्न गप्प माणसाला विचारू नये. त्याचं उत्तर हो असंच येणार. 'जमेल का?' विचारण्याऐवजी 'यात अडचण कुठे येईल असं वाटतं?' असं विचारावं. 'समजलं का?' ऐवजी 'आता तू काय करणार ते मला सांग बघू,' असं म्हणावं.

दुसरी गोष्ट, चूक दाखवायची तर दार लावून, एकट्याला. कौतुक करायचं तर दार उघडं ठेवून. यात काही खर्च होत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या गप्प माणसांसाठी. इथे मागितल्याशिवाय मिळत नाही. मागणं म्हणजे भीक नव्हे आणि भांडणही नव्हे. पगारपत्रक नीट वाचावं. कामाच्या अटी लेखी मागाव्यात, २००२ च्या कायद्याने तो आपला हक्क आहे. वआद असेल तर तिथे जावं. बोलताना आवाज चढवायलाच हवा असं नाही. शांत आवाजातली दुग्रीही दुग्रीच असते.

चौथी गोष्ट, समोरचा ओरडला तर लगेच मनाला लावून घेऊ नये. त्याची कॉफीची वेळ होईपर्यंत थांबावं. आणि तो कॉफीला बोलवेल तेव्हा जावं. न जाणं हे इथे खरं भांडण समजतात!

पाचवी आणि शेवटची गोष्ट, मध्यस्थ व्हावं. आपल्या समाजाला दोन्ही कान आहेत. 'बघतो साहेब' मधला नकार आपल्याला ऐकू येतो, आणि टेबलावरच्या मुठीमागची आपुलकीही आता आपल्याला कळते. असे दोन कान असलेली माणसं या देशात फार नाहीत. शेजारच्या घरातली मेतापेलेत आणि तिची मालकीण यांच्यात धुसफूस असेल, तर दोघींकडे जाऊन दोन शब्द बोलायला आपल्याइतकं योग्य कोण? अहरोनाचं काम आहे ते. दस्तुरी मात्र घ्यायची नाही हं!

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. या शब्बाथला आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारा. भारतात तुमच्या साहेबाला तुम्ही काय म्हणून हाक मारत होता? इथे आल्यावर पहिल्यांदा मेनाहेलला 'नाही' कधी म्हणालात? आणि जे म्हणायचं राहून गेलं, ते काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका. उत्तरं मराठीत नाहीतर हिब्रूत, जशी येतील तशी लिहून आमच्याकडे पाठवा. कारखान्याची किंवा साहेबाची नावं घालू नका, गोष्ट तेवढी लिहा. पुढच्या अंकांतून आम्ही ती आनंदाने छापू.